नंदाताई, पाण्याचं तुम्ही सांगितलं होतं

नंदाताई,

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. सकाळी अंघोळ करताना, स्टेशनातून शाळेकडे चालताना, हजेरीपटावर सही करताना. दोन वर्षं जे विचारायचं धाडस झालं नाही ते आता विचारते आहे, आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही. असतात तरी दिलं नसतंत म्हणा. "बाई, पोरं आली, बाजूला व्हा," एवढंच म्हणाला असतात.

शहाडच्या आपल्या शाळेत तुम्ही सेविका होतात आणि मी मुख्याध्यापिका. घंटा देणं, वर्ग झाडणं, टपाल नेणं हे तुमचं काम. सकाळचा नाश्ता कुणाच्याच कामात नव्हता. तो तुम्ही अंगावर घेतलात, आणि मला वाटायचं की मी सुरू केला. संस्थेच्या अहवालातही तसंच छापून आलं होतं. तुम्ही कधी दुरुस्त केलं नाहीत.

प्राची तेव्हा दुसरीत होती. प्रार्थना चालू असताना ती रांगेतून सरळ खाली कोसळली. मी तोंडावर पाणी मारलं, कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तुम्ही तिच्या शेजारी उकिडव्या बसलात आणि विचारलंत, "सकाळी काय खाल्लंस गं?"

"चहा."

"चहाबरोबर?"

ती फ्रॉकचं टोक पिळत राहिली. तिची आई पहाटेच कल्याणला घरकामाला निघायची. वडील डोंबिवलीच्या केमिकल कंपनीतली पाळी संपवून आठनंतर घरी पोचायचे. मधल्या वेळात ती आपली आपण वेणी घालून, दाराला कडी लावून शाळेत येत होती. तुम्ही स्वतःच्या डब्यातली भाकरी तिला दिलीत. तिने ती इतक्या घाईने खाल्ली की मला तिकडे बघवेना.

सरकारी खिचडी साडेदहाला येते. शाळा सातला भरते. मी त्याआधी बावीस वर्षं शिकवत होते आणि ह्या मधल्या साडेतीन तासांकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. तुम्ही त्याच आठवड्यात जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी केलीत. कल्याणच्या बाजारातल्या आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याने रवा आणि पोहे पाठवायचं कबूल केलं. संस्थेच्या सचिवांकडे मी परवानगी मागितली तर ते म्हणाले, "करा, पण लेखी मागू नका. काही झालं तर तुमची जबाबदारी." मी हो म्हटलं. तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं.

पहिलं भांडण यादीवरून झालं, आठवतं? माझं म्हणणं, रवा मोजकाच आहे, तेव्हा ज्यांना खरी गरज आहे त्यांचीच नावं काढू. तुम्ही परात घासत होतात. वर न बघता म्हणालात, "बाई, तुम्ही वर्गात विचाराल, कोण उपाशी आलंय, हात वर करा. जी खरी उपाशी आहे ती हात खाली ठेवील."

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दुसरीच्या वर्गात जाऊन खरंच विचारलं. सात-आठ हात वर झाले. सगळी मजा म्हणून हात वर करणारी, घरून भरपेट खाऊन आलेली मुलं. प्राची बाकावरच्या रेघोट्यांकडे बघत बसली होती. मी जिन्याखाली परत आले आणि म्हटलं, "सगळ्यांना करा." तुम्ही "मी म्हटलेलं ना" असं म्हणाला नाहीत. फक्त मोठं पातेलं खाली काढलंत.

मग दोन वर्षं फार चांगली गेली. सव्वासहाला मी फाटकातून आत येताना रवा भाजल्याचा वास यायचा. उशिरा येणारी मुलं लवकर यायला लागली. सातवीतली मुलं आधी लाजायची, मग दुसऱ्यांदा ताटली पुढे करायला लागली. तुम्ही वाढताना प्रत्येकाला काहीतरी बोलायचात. नखं बघ किती वाढलीत. काल का नव्हतास? आई बरी झाली का? मला माझ्या शाळेतल्या मुलांच्या घरची जेवढी माहिती आहे, त्यातली बरीचशी त्या वाढपाच्या रांगेतून मिळालेली आहे.

आता ते तीन दिवस.

गुरुवारी तुम्ही ऑफिसात आलात. मी तपासणीच्या फायलींत बुडलेली होते. शनिवारी शिक्षण खात्याचे अधिकारी येणार होते. "बाई, टाकीच्या पाण्याला वास मारतोय," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "सोमवारी टाकी साफ करून घेऊ." तुम्ही म्हणालात, "सोमवारपर्यंत पोरं पितील त्याचं काय?" मी पुढची फाईल उघडली. मला तुमचा तो आवाज आवडला नव्हता, हे खरं कारण. शिपाई असून मला प्रश्न विचारतात, असं मनात आलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवारी मी आले तर चारही नळांना फडकी बांधलेली. जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून, घट्ट गाठी मारून. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याचं पिंप आणि वर झाकण. मुलं त्या पिंपाभोवती गर्दी करून उभी होती, खाली सगळा चिखल झालेला. मला उद्याची तपासणी दिसली. मी तुम्हाला बोलावलं आणि मुलांच्या समोर म्हटलं, "नंदाताई, दर वेळी तुमचं काहीतरी असतंच. हे सोडा आधी. शाळा आहे की झोपडपट्टी?"

तुमचं घर त्या शाळेमागच्या वस्तीतच होतं.

गाठी घट्ट होत्या, सुटेनात. तुम्ही दातांनी ओढून सोडवल्यात, एकेक करून, माझ्याकडे न बघता. पट्ट्यांची घडी केलीत आणि कमरेला खोचलीत.

शनिवारी उपमा होता. सातच्या घंटेआधी सगळ्यांचं खाऊन झालं. आठच्या सुमाराला चौथीच्या वर्गातून पहिली मुलगी तोंडावर हात धरून बाहेर पळाली. मग दोन. मग वरच्या मजल्यावरून आणखी. नऊ वाजेपर्यंत अकरा मुलं व्हरांड्यात आडवी झाली होती आणि त्यात प्राची होती, पांढरीफटक. आपण रिक्षा थांबवल्या. एकेका रिक्षात तीन-तीन मुलं आणि एक शिक्षिका. तुम्ही प्राचीला उचलून रिक्षाकडे धावलात तेव्हा तिची चप्पल वाटेत पडली, ती मी उचलली आणि नंतर दिवसभर ती माझ्या हातात होती.

तपासणी राहूनच गेली. अर्ध्या तासात फाटकाशी माणसं जमली. प्राचीचे वडील पाळीवरून तसेच आले होते, अंगात कंपनीचे कपडे. त्यांनी फाटकाच्या गजांतून हात आत घालून तुमच्याकडे बोट केलं.

"काय घातलंस गं माझ्या पोरीला? काय घातलंस?"

मागून कोणी ओरडलं, "सडका रवा घातला असणार. फुकटचा ना!"

मी पायरीवर उभी होते. तुमच्या आणि त्यांच्या मधे जायला मला चार पावलं टाकायची होती. मी टाकली नाहीत. तुम्ही आत गेलात, पातेल्यात उरलेला उपमा ताटलीत घेऊन आलात आणि फाटकाच्या आत उभ्या राहून, सगळ्यांच्या देखत खायला लागलात. दोन-तीन जणांनी मोबाईल वर धरले. मग मात्र मी धावत आले आणि तुमचा हात धरला.

"नंदाताई, थांबा! काही झालं तर?"

"का थांबू? मी केलाय," तुम्ही म्हणालात आणि पुढचा घास घेतलात.

त्या क्षणी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पाण्याचं तिथेच बोलला असतात तर सगळी माणसं माझ्याकडे वळली असती. तुम्ही बोलला नाहीत. मीही बोलले नाही.

मुलं सगळी बरी झाली. दहा जणं दुसऱ्या दिवशी घरी गेली, प्राचीला तीन दिवस सलाईन लागलं. ते तीन दिवस मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून काढले, आणि लोकांना वाटलं, केवढी माया आहे बाईंना. ती भीती होती, नंदाताई. तिला काही झालं असतं तर, ह्याच्यापुढे माझं मन जातच नव्हतं.

चौकशी बुधवारी झाली, माझ्याच ऑफिसात. चौकशीला आलेल्या साहेबांनी तुम्हाला खुर्ची दिली, तुम्ही बसला नाहीत. रवा कुठून येतो, पातेलं कोण घासतं, हात कशाने धुता, सगळं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "पाण्यात काही गडबड आधी जाणवली होती का? कुणाला तसं सांगितलं होतं?"

मी टेबलाच्या अलीकडे बसले होते. समोर पेन होतं, त्याचं टोपण मी उघडत होते, लावत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तुम्ही खिडकीकडे बघून म्हणालात, "नाय साहेब. मला काय जाणवलं नाय."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला काही माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

बस्स. एक शब्द. नळांची फडकी शंभर-दीडशे मुलांनी पाहिली होती, पण मुलांना कुणी काही विचारलं नाही.

महिन्याभराने अहवाल आला. उपम्यात काही नव्हतं, दोष पाण्यात होता. तोपर्यंत जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं आणि वस्तीत तुमचं जे व्हायचं ते झालं होतं. नळावर बायका तुमच्याशी बोलत नव्हत्या, हे मला दुसऱ्या सेविकेकडून कळलं. तो अहवाल मी फलकावर लावायला हवा होता. मी काय लिहिलं, तर 'अहवाल प्राप्त झाला असून नाश्ता पूर्ववत सुरू होत आहे.' पाण्यातला प सुद्धा काढला नाही. लोकांच्या डोक्यात तुम्हीच राहिलात, पोरांना विषबाधा करणारी बाई. टाकी मात्र मी गुपचूप नवीन बसवून घेतली.

खरं तर मला नाश्ता परत सुरू करायचाच नव्हता. तुम्ही हटून बसलात. "आता बंद ठेवलात तर खोट अन्नात होती असंच म्हणतील," म्हणालात. पहिल्या दिवशी निम्मी मुलंसुद्धा जेवायला बसली नाहीत, आयांनी दम देऊन पाठवलं होतं. तुम्ही वीस मुलांना तशाच उत्साहाने वाढलंत, जणू दीडशे आहेत. दिवाळीपर्यंत रांग पुन्हा फाटकापर्यंत गेली.

त्या दिवाळीला मी तुमच्यासाठी साडी आणली. चांगली, जरीकाठाची. तुम्ही पिशवी उघडून पाहिलीत आणि मिटलीत.

"ही कशासाठी बाई?"

"दिवाळीची."

"दिवाळीची असेल तर घेते. दुसऱ्या कशाची असेल तर नको."

खरं बोलायला तुम्ही मला दार उघडून दिलं होतंत. मी आत यायला हवं होतं. मी म्हटलं, "दिवाळीचीच आहे." तुम्ही साडी घेतलीत. ती कधी नेसलेली मी पाहिली नाही.

मग ठरवलं, निवृत्त होण्याआधी सांगायचं. आधी तुमच्याशी बोलायचं आणि मग पालकांसमोर. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होणार. म्हटलं, अजून वेळ आहे. आणि अकरा दिवसांपूर्वी सात वाजून गेले तरी घंटा झाली नाही. मी घड्याळ बघत जिन्यावर आले. पोरं ताटल्या घेऊन कुलपासमोर उभी होती. तुमच्या शेजारची मुलगी धावत आली आणि तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. झोपेत गेलात म्हणे. मला वाईट वाटायच्या आधी, एक क्षण, सुटल्यासारखं वाटलं. आता कुणाला कळणार नाही. तुमच्या घराकडे जाताना मी स्वतःला त्या एका क्षणासाठी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

परवा शनिवारी शाळेत तुमची शोकसभा झाली. हॉल भरलेला. तुमची लेक रेश्मा पुढे बसली होती, तिचा भाऊ भिंतीला टेकून उभा. सचिव बोलले, कर्तव्यनिष्ठ, प्रेमळ, वगैरे. माझ्या हातात लिहून आणलेला कागद होता. त्यातही तेच शब्द होते. मी कागद घडी करून ठेवला आणि म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी अकरा मुलं आजारी पडली. पाण्याला वास येतोय हे नंदाताईंनी मला दोन दिवस आधी सांगितलं होतं. त्यांनी नळ बांधून ठेवले होते. मी ते सोडायला लावले. चौकशीत मी खोटं बोलले."

सचिव उठून माझ्या कानाशी आले, "बाई, तुमची तब्येत बरी नाही, बसा." मी बसले नाही. मागून प्राचीचे वडील उभे राहिले. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि मी त्यासाठी तयार होते.

ते म्हणाले, "दोन वर्षं मी त्या बाईला रस्त्यात बघून तोंड फिरवलं. एकदा तर थुंकलोय तिच्या समोर." मग माझ्याकडे वळले. "हे ती जिवंत असताना बोलायला पाहिजे होतं बाई तुम्ही." आणि प्राचीचा हात धरून निघून गेले. ती आता सहावीत आहे. जाताना तिने माझ्याकडे मागे वळून पाहिलं नाही.

सभा संपल्यावर रेश्मा व्हरांड्यात माझी वाट बघत होती. मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, "तुझ्या आईनं मला वाचवलं आणि मी तिला..."

तिने मला मधेच थांबवलं. "बाई, आईनं घरी सगळं सांगितलेलं आम्हाला. त्याच दिवशी. दादा किती भांडला तिच्याशी, खोटं का बोललीस म्हणून. तर ती बोलली, बाई गेल्या तर नवीन येईल तो पहिल्या दिवशी शेगडी बाहेर काढेल." रेश्माने डोळे पुसले. आवाज मात्र कडक होता. "तुमच्यासाठी नव्हतं केलेलं तिने."

खरं सांगू, नंदाताई? मला राग आला. दोन वर्षं मी मनात धरून होते की तुम्ही मला माफ केलंत, म्हणून गप्प राहिलात. त्या माफीच्या ओझ्याखाली मी वावरत होते, आणि त्यात कुठेतरी सुखही होतं. तसं काही नव्हतंच. तुमच्यापुढे एका बाजूला मी होते, दुसरीकडे सकाळची ती रांग, आणि तुम्ही रांग निवडलीत. मी तुमच्या उपयोगाची होते, एवढंच.

घरी येईपर्यंत राग ओसरला. मग भांडण सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. तुम्ही चुकलात, असं मी म्हणते. तुम्ही खरं बोलला असतात तर मला शिक्षा झाली असती आणि तुमची मान ताठ राहिली असती. नाश्त्याचं काहीतरी झालंच असतं, पालकांनी तो बंद होऊ दिला नसता. तुम्ही त्यांच्यावर एवढाही विश्वास का ठेवला नाहीत? माझ्या मनात तुम्ही म्हणता, "कोण पालक बाई? फाटकातून बोट दाखवणारे?" आणि तिथे मी हरते. कारण त्या दिवशी त्या फाटकाशी तुमच्या बाजूने एकही माणूस उभा नव्हता, आणि तुमच्यापासून चार पावलांवर मी होते.

काल, रविवारी सकाळी मी सगळं लिहून काढलं, गुरुवारपासून बुधवारपर्यंतचं, आणि आज संस्थेला आणि शिक्षण कार्यालयाला पोचतं केलं. परवा अकरा वाजता मला बोलावलं आहे. निवृत्तीला इतके थोडे महिने असताना काय होईल ते माहीत नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही. घरचे म्हणतात, गेलेल्या माणसासाठी आता कशाला?

सचिवांचा फोन तर कालच आला. "नाश्ता तूर्त बंद ठेवा." म्हणजे तुम्ही जे ओळखलं होतं ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "लेखी द्या." ते म्हणाले, परवानगी तरी कुठे लेखी होती? मी म्हटलं, "म्हणूनच. बंद करायचं तर लेखी द्या." त्यांनी फोन ठेवला. कागद अजून आलेला नाही.

आज सकाळी साडेपाचला मी जिन्याखालची खोली उघडली. उपमा मीच केला. पाणी कमी पडलं, खालून लागला, गुठळ्या झाल्या. पोरांनी भरपूर नावं ठेवली. पाचवीतला एकजण म्हणाला, नंदामावशीचा मोकळा व्हायचा. मग सगळ्यांनी खाल्लं. खाली लागलेली खरवड मागून मागून खाल्ली.

तिसरीतली एक छोटी ताटली धुऊन परत आली. "बाई, उद्यापण तुम्हीच करणार?"

मी म्हटलं, "कागद येईपर्यंत मीच."

कुठला कागद ते तिला काय माहीत. थोडा विचार करून ती म्हणाली, "मग पोहे करा. पोह्यांत गुठळ्या होत नाहीत."

उद्या पोहे आहेत, नंदाताई.